कुत्र्यासाठी अंगणात कृत्रिम गवत: आधी खालचा थर, मग हिरवळ

घरात कुत्रा आला की अंगणातली खरी हिरवळ फार दिवस तग धरत नाही. लघवीतल्या नत्राने गवताला पिवळे चट्टे पडतात, त्याच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पावसाळ्यात चिखल होतो आणि तो चिखल चार पायांनी थेट दिवाणखान्यात येतो. मग कृत्रिम गवताची चौकशी सुरू होते. दुकानदार रोल उलगडून दाखवतो, चौरस फुटाचा भाव सांगतो आणि एका दिवसात बसवून देतो म्हणतो. एका दिवसात मातीवर अंथरलेलं गवत पहिल्याच उन्हाळ्यात इतका वास मारतं की खिडक्या लावून बसावं लागतं.

त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढची मेहनत कशासाठी आहे ते कळेल. तीस किलोचा लॅब्रॅडॉर दिवसाला साधारण एक लिटर लघवी करतो. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. त्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि ते काम ओल व ऊब मिळाली की झपाट्याने होतं. गवताखाली लघवी साचून राहिली तर ओल आणि ऊब दोन्ही आयती मिळतात. तेव्हा पडलेला थेंब खाली, आणि तिथून अंगणाबाहेर, न थांबता गेला पाहिजे. सगळं बांधकाम या एका गोष्टीसाठी आहे. रोल अंथरणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

आधी ऊन पाहा

काम काढण्याआधी अंगणात दुपारी दोन वाजता उभे राहा. भर उन्हात कृत्रिम गवत ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातं. खरं गवत पानांतून पाणी सोडून गार राहतं, प्लॅस्टिकला ते जमत नाही. कुत्र्याच्या पंजाच्या गाद्या एवढ्या तापमानाला भाजतात. तळहाताची मागची बाजू गवतावर सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावर सोडू नका. पाणी मारलं की गवत गार होतं, पण थोड्याच वेळात पुन्हा तापतं. फिकट रंगाच्या पात्यांनीही फार फरक पडत नाही. खरा उपाय सावलीचा. शेतीच्या दुकानात मिळणारी ५० ते ७५ टक्क्यांची शेडनेट आठ फूट उंचीवर ताणली तर काम होतं. वादळी पावसाआधी ती उतरवता येईल अशी बांधा.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात ज्या अंगणाला दिवसभर सावली नाही तिथे पूर्ण अंगण गवताने झाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. झाडाखालचा एक तुकडा मातीचाच ठेवा. कुत्र्याला उकरायला आणि गार मातीत पोट टेकवून पडायला जागा लागते. ती मिळाली की गवताचे काठ उकरण्याचं प्रमाणही कमी होतं. आंबा, चिकू, नारळाच्या बुंध्याभोवती तीन फूट जागा तशीही मोकळी सोडावीच लागते.

गवत निवडताना

कुत्र्यासाठी पात्याची उंची २५ ते ३० मिलिमीटर ठेवा. ४० मिलिमीटरचं गवत दुकानात लुसलुशीत दिसतं, पण त्यात शी अडकते आणि केस गुंततात. २० च्या खालचं पायाला टोचतं आणि त्यात भरणा, म्हणजे पात्यांच्या मुळाशी पसरायचे दाणे, नीट राहत नाही. पातं पॉलिएथिलीनचं घ्या. पॉलिप्रॉपिलीनचं स्वस्त पडतं, पण ते खरखरीत असतं आणि उन्हाने लवकर ठिसूळ होतं. पात्यांच्या मुळाशी तपकिरी कुरळ्या धाग्यांचा थर असतो, तो जितका विरळ तितकं बरं, कारण केस आणि ओल तिथेच अडकतात.

सगळ्यात जास्त लक्ष पाठीकडे द्या. पाठ म्हणजे ज्या काळ्या थरात धागे शिवलेले असतात ती बॅकिंग. बाजारात सर्रास मिळते ती लॅटेक्सची, चार-चार इंचांवर भोकं पाडलेली. पावसाच्या पाण्याला एवढी भोकं चालून जातात. लघवीला नाही, कारण दोन भोकांमधल्या भागावर पडलेली लघवी तिथेच मुरते आणि लॅटेक्स ती धरून ठेवतं. सगळीकडून पाणी झिरपू देणारी पाठ मिळाली तर चार पैसे जास्त गेले तरी तीच घ्या. ती नाहीच मिळाली तर पॉलियुरेथेनची पाठ असलेलं गवत घेऊन भोकं वाढवा. रोल उलटा पसरून, तापवलेल्या सोल्डरिंग गनच्या टोकाने दर दोन इंचांवर ६ मिलिमीटरचं भोक पाडायचं. ड्रिल वापरू नका, त्यात धागे गुंडाळले जाऊन ओळच्या ओळ उसवते. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि मास्क लावून करा. जळत्या प्लॅस्टिकचा धूर वाईट असतो.

नमुन्याचा हातभर तुकडा दुकानातच तपासा. तो बादलीवर धरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तळं करून राहिलं तर तो नमुना बाद. पाच-सहा पाती चिमटीत धरून जोराने ओढा. ती हातात आली तर कुत्र्याच्या दातातही येतील. पाती शिशामुक्त असल्याचं प्रमाणपत्र आणि उन्हात टिकण्याची हमी बिलावर लिहून मागा.

मापं आणि सामान

२० फूट बाय १५ फुटांचं अंगण धरू. घराकडून कुंपणाकडे, म्हणजे १५ फुटांच्या दिशेने, पाणी न्यायचं आहे. आपल्याकडे गवताचे रोल बहुधा दोन मीटर रुंद येतात. तीन पट्ट्या शेजारी लावल्या की सहा मीटर, म्हणजे १९ फूट ८ इंच होतात. अंगण पूर्ण २० फूट ठेवलं तर चार इंचांसाठी चौथी पट्टी घ्यावी लागते. मात्र चारी बाजूंनी ४ इंची सिमेंट ब्लॉकचा काठ केला तर आतली रुंदी १९ फूट ४ इंच उरते, आणि तीन पट्ट्या कडा छाटायला चार इंच राखून बरोबर बसतात. काठ लागणारच आहे, तेव्हा माप त्याच्याकडूनच जुळवून घ्या.

या अंगणाला लागणारं सामान असं:

- गवत: प्रत्येकी १५ फुटांच्या (४.६ मीटर) तीन पट्ट्या, एकाच लॉटमधल्या. दोन लॉटच्या हिरव्यात फरक असतो आणि तो उन्हात उठून दिसतो.
- २० मिलिमीटर खडी: १ ब्रास (१०० घनफूट). तीन इंचांच्या थराला ७५ घनफूट लागते, बाकीची दाबण्यात आणि पाइपाच्या चरात जाते.
- ६ मिलिमीटर कच (बारीक खडी), धुतलेली: अर्धा ब्रास. हिशेबाने २५ घनफूट पुरायला हवी, पण बरीचशी खडीच्या फटींत उतरते.
- न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), १५० ते २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम): ३७५ चौरस फूट.
- ४ इंची सिमेंट ब्लॉक: साधारण ५५, शिवाय त्यांच्या खालच्या बेडसाठी आणि आतल्या अंगाच्या पट्टीसाठी सिमेंट, वाळू, खडी.
- ४ इंची पीव्हीसी पाइप: सहा मीटरची एक लांबी, दोन बेंड, एक टोपण.
- सांध्याची टेप ३० फूट, दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद.
- ६ इंची गॅल्व्हनाइज्ड खिळे: दीडशे. साधे लोखंडी खिळे लघवीने गंजतात आणि गवतावर तांबडे डाग येतात.
- भरण्यासाठी दाणेदार झिओलाइट (वास धरून ठेवणारं खनिज): १५० किलो.
- अर्धा इंची वेल्डेड जीआय जाळी, दीड फूट रुंद: ७० फूट, घुशींचा त्रास असेल तर.

कामाला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पावसाने माती बसलेली असते, गोंद कोरड्या हवेत नीट धरतो आणि गवत फार तापत नाही. मे महिन्यात दुपारी ताणून लावलेलं गवत रात्री आकसतं आणि सांधे उघडतात.

खोदाई आणि ढाळ

काठाच्या वरच्या पातळीपासून सगळीकडे पाच इंच खोल खणा. दीड ब्रासच्या आसपास सुटी माती निघेल, ती कुठे टाकायची ते आधी ठरवा. हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढा. यात आळस केला तर पश्चात्ताप होतो. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो कापड भेदून गवतातून वर येतो आणि ओढला की वरच्यावर तुटतो, गाठ खालीच राहते.

ढाळ मातीतच द्या. बरेच गवंडी खालची माती सपाट ठेवून वरच्या खडीला उतार देतात. मग वरून पाहिलं तर उतार असतो आणि पाणी मात्र खाली मातीवर साचून राहतं. ८० ला १ चा ढाळ पुरतो, म्हणजे १५ फुटांत सव्वादोन इंचांचा फरक. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारी कोपरे आणि मध्य तपासा, मग धुम्मसाने किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने माती ठोकून घ्या. घराचा जोता उंच बाजूला असला पाहिजे, पाणी त्याच्याकडे कधीच येता कामा नये.

काळ्या मातीत पाच इंच पुरत नाहीत. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे दोन वर्षांत अंगणाला पोट सुटतं. तिथे दहा इंच खणा, पाच इंच मुरूम पाणी मारून ठोका आणि ढाळ त्या मुरुमाला द्या. ठोकलेल्या मुरुमातून पाणी फारसं झिरपत नाही. इथे तेच उपयोगी पडतं: पाणी त्याच्यावरून घसरत पाइपाकडे जातं. मात्र खडीच्या जागी मुरूम वापरू नका, आणि खडीवर दगडाची भुकटीही नको. दोन्ही घट्ट बसतात, सपाटी सुरेख येते आणि लघवीला वाट उरत नाही. लॉन बसवणाऱ्या कारागिरांना क्रिकेटच्या टर्फची सवय असते, ते भुकटीचा आग्रह धरतात. तिथे ते ठीक आहे, कुत्र्याच्या अंगणात नाही.

पाण्याची वाट

खालच्या काठाच्या आतल्या बाजूने आठ इंच रुंद आणि आठ इंच खोल चर खणा. त्याला लांबीच्या दिशेने एका कोपऱ्याकडे १०० ला १ चा उतार द्या. पाइपाला १० मिलिमीटरची भोकं दोन ओळींत, दर चार इंचांवर पाडा. या ओळी खालच्या अंगाला, किंचित दोन बाजूंना वळलेल्या ठेवा. भोकं वर केली तर पाइपाखालच्या खडीत पाणी साचून राहतं.

आता कापड अंथरा. ते माती आणि खडी यांच्यामध्ये असतं, चरात उतरतं, पलीकडून वर येतं. दोन पट्ट्या एकमेकींवर एक फूट चढवा. चरात दोन इंच खडी, तिच्यावर पाइप, पुन्हा खडी. कापड पाइपालाच घट्ट गुंडाळू नका, त्यावर बुळबुळीत थर चढून भोकं बंद होतात. पाइपाचं उंच टोक बेंड लावून गवताच्या पातळीपर्यंत आणा आणि टोपण बसवा. दर दोन-तीन महिन्यांनी तिथून नळी घालून पाइप धुता येतो.

खडीवरची कच आणि गवत यांच्यामध्ये काहीही घालायचं नाही. ना प्लॅस्टिक, ना काळी वीड मॅट, ना फोम. 'तण येऊ नये म्हणून' गवताच्या लगेच खाली मॅट घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. लघवी त्या मॅटवर पसरते आणि तिथेच कुजते.

पाइपाचं खालचं टोक शोषखड्ड्यात सोडा. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात सहा-आठ इंची दगड, वर कापडाचा तुकडा आणि मग माती. विहीर किंवा बोअरवेल असेल तर तिच्यापासून तो ५० फुटांच्या आत नको, आणि घराच्या पायापासूनही १० फूट दूर ठेवा. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर तो शोषखड्डा न राहता टाकी होते. एवढ्या खड्ड्यात दगडांच्या फटींत तीनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर याच गवतावर १,३०० लिटर पाणी पडतं. म्हणून खड्ड्याच्या वरच्या अंगाला जादा पाणी पावसाच्या गटाराकडे नेणारा पाइप ठेवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याशिवाय निभाव लागणार नाही.

याच खालच्या कोपऱ्यात कुत्र्याची जागा करा. चार फूट बाय चार फुटांत खडी आठ इंच खोल भरा आणि मध्ये दोन फूट उंचीचा दगड किंवा खांब पक्का रोवा. नर कुत्रा पाय वर करायला उभी वस्तू शोधतोच. ती आपणच योग्य ठिकाणी दिली तर लघवी पूर्ण अंगण ओलांडून येत नाही, पडते तिथूनच पाइपात जाते. त्याच्याच लघवीत भिजलेलं फडकं सुरुवातीला तिथे ठेवा, सकाळी बाहेर काढलं की आधी तिकडे न्या, तिथे केल्यावर खाऊ द्या. या कोपऱ्यातलं गवत वेगळ्या तुकड्याचं ठेवा आणि गोंदाने चिकटवू नका. अधूनमधून उचलून, उलटं करून, धुऊन उन्हात टाकता आलं पाहिजे.

काठ

ब्लॉक काँक्रीटच्या बेडवर उभे करा, त्यांची वरची पातळी अंगणाच्या ढाळाबरोबर ठेवा. ब्लॉकच्या आतल्या अंगाला तीन इंच रुंद सिमेंटची पट्टी ओता, तिचा माथा ब्लॉकच्या माथ्यापासून पाऊण इंच खाली. गवताची कड या पट्टीवर चिकटते. उघड्या खडीत खिळे काठाशी तितके धरत नाहीत, आणि कुत्रा दात घालतो तो काठालाच. लाकडी फळीला खिळे मारून गवत धरायची पद्धत परदेशी व्हिडिओंत दिसते, आपल्याकडे त्या फळीला वाळवी लागते.

घुशींचा त्रास असेल तर जाळी याच वेळी घाला. ब्लॉकच्या बाहेरून फूटभर खाली, आणि मग सहा इंच बाहेरच्या बाजूला इंग्रजी एल अक्षरासारखी वळवून पुरायची. खडीखालची पोकळ, कोरडी जागा घुशीला आणि उंदराला आवडते, आणि त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. कुत्र्याची लेप्टोची लस वेळेवर देत राहा, शिवाय काठात फट ठेवू नका. ब्लॉकचे सांधे दोन्ही बाजूंनी भरून घोटून घ्या, गोचीड अंडी घालायला अशाच फटी शोधते.

खडी, कच आणि बादलीची परीक्षा

खडी दोन थरांत टाका आणि प्रत्येक थर ठोका. वर कच पसरून सरळ फळीने ओढा, पुन्हा ठोका, खड्डा दिसेल तिथे भरा. कचेचा माथा सिमेंटच्या पट्टीच्या पातळीला आला की थांबा. सहा फुटी फळी कुठेही आडवी ठेवली तर खाली बोट जाईल एवढी फट नको. गवत खालचा प्रत्येक उंचवटा वर दाखवतं.

गवत पसरण्याआधी परीक्षा घ्या. सात-आठ ठिकाणी प्रत्येकी एक बादली पाणी ओता. ते ओतता ओतताच खाली उतरलं पाहिजे आणि थोड्या वेळात पाइपाच्या तोंडाशी दिसलं पाहिजे. एखाद्या ठिकाणी पाणी थबकलं तर तिथली कच उचलून पाहा, बहुतेक वेळा भुकटी जमलेली सापडते. आत्ता दुरुस्ती तासाभराची आहे. गवत बसल्यावर तिलाच दोन दिवस लागतात.

गवत पसरणं

रोल उलगडून दोन-तीन तास उन्हात पडू द्या, घड्या निघून जातात. तिन्ही पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, शक्यतो घराच्या दाराकडे. एक पट्टी उलटी लागली तर तिचा रंग वेगळा दिसतो आणि गोंद धरल्यावर इलाज नसतो. पट्ट्या ढाळाच्या दिशेने, म्हणजे १५ फुटांच्या बाजूने लावा, म्हणजे सांधा पाण्याला आडवा येत नाही.

प्रत्येक पट्टीच्या कडेला धागे नसलेली किनार असते. ती पाठीकडून, दोन शिवणींच्या मधून कापा, आणि किनारीलगतच्या एक-दोन ओळीही काढून टाका. कटरचं पातं बोथट होऊ देऊ नका, बोथट पातं कापण्याऐवजी ओढतं. दोन पट्ट्या जोडताना त्यांच्या शेवटच्या ओळींमध्ये तेवढंच अंतर राहू द्या जेवढं बाकीच्या ओळींमध्ये आहे. जवळ आणलं तर सांध्यावर उभी रेघ फुगते, लांब ठेवलं तर भांग पाडल्यासारखा दिसतो.

आधी पट्ट्या कोरड्याच जुळवून पाहा. मग कडा मागे दुमडा, मध्ये टेप अंथरा, गोंदाचे दोन्ही घटक डब्यावरच्या प्रमाणात कालवा आणि दातेरी थापीने पसरा. कडा वरून अलगद सोडताना पाती खाली अडकू देऊ नका, बोटांनी वर काढत जा. सांध्यावर फळी आणि विटांचं वजन रात्रभर ठेवा. काठाच्या पट्टीवरही तोच गोंद. कच आणि सिमेंट कोरडं असेल तरच हे काम करा, आणि दोन दिवस कुत्र्याला तिकडे जाऊ देऊ नका. मधल्या भागात दर दोन फुटांवर आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना फुटाफुटावर खिळे मारा. पाती बाजूला सारून खिळा मारायचा आणि डोकं पाठीला टेकलं की थांबायचं. आणखी ठोकला तर खळगा पडतो आणि त्यात पाणी धरतं.

भरणा

पाती उभी राहावीत म्हणून त्यांच्या मुळाशी भरणा लागतो. साधी सिलिका वाळू कुत्र्याच्या अंगणात वास धरते, रबराचे दाणे तापतात आणि पिल्लं ते खातात. दाणेदार झिओलाइट वापरा, एक ते दोन मिलिमीटरचा दाणा, चौरस मीटरला सहा किलो. मत्स्यशेतीचं सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो, पण तिथे बहुधा भुकटी पुढे करतात, ती घेऊ नका. (दख्खनच्या काळ्या पाषाणात, पुणे-नाशिक-जळगावच्या खाणींत सापडणारे ह्युलंडाइट, स्टिल्बाइटचे देखणे स्फटिक याच झिओलाइट कुळातले.) झिओलाइटच्या रचनेतल्या पोकळ्या अमोनियम (वास मारणाऱ्या अमोनियाचंच पाण्यातलं रूप) धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियमसारखे आयन सोडतात.

गवत पूर्ण कोरडं असताना तीन हप्त्यांत पसरा. प्रत्येक हप्त्यानंतर कडक झाडूने पात्यांच्या झुकावाच्या उलट झाडा. धूळ उडते, मास्क लावा.

कोबा किंवा शहाबादी फरशी असेल तर

ती फोडायची गरज नाही. फरशीचा ढाळ पाणी जाण्याच्या जाळीकडे आहे ना ते पाहा, नसेल तर आधी तो सुधारून घ्या. मग गच्चीवरच्या बागेसाठी मिळणारे प्लॅस्टिकचे ड्रेन सेल २० किंवा ३० मिलिमीटर उंचीचे जोडून अंथरा आणि वर गवत नुसतं ठेवा. भिंतीपासून इंचभर जागा सोडा. फरशीला गवत चिकटवू नका, आणि गच्चीवर खिळा तर अजिबात नको, वॉटरप्रूफिंग फुटतं. वर्षातून दोनदा सगळं उचलून खालची फरशी घासता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

निगा आणि बिघाड

शी रोज उचला. पातळ असेल तर घासू नका, ती आत जाते. थोडी सुकू द्या, खरवडून काढा, मग पाणी मारा. लघवीच्या कोपऱ्यावर रोज बादलीभर पाणी, बाकीच्या अंगणाला आठवड्यातून एकदा नळी. वास येऊ लागला तर जनावरांच्या लघवीसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर शिंपडून डब्यावर लिहिलेला वेळ ओला राहू द्या. एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणीही तात्पुरतं चालतं. फिनाइल वापरू नका, कुत्रा पंजे चाटतो आणि फिनॉल पोटात जातं. ब्लीचही नको. लघवीतल्या अमोनियाशी आणि व्हिनेगरशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतात.

धुऊनही वास जात नसेल तर झिओलाइटच्या पोकळ्या अमोनियमने भरल्या असं समजा. उन्हाळ्याआधी एकदा १० लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ विरघळवून लघवीच्या जागी झारीने ओता, तासभर थांबा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. मिठातलं सोडियम अमोनियमची जागा घेतं आणि दाणे पुन्हा कामाला लागतात. हे पाणी झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नका. एवढं करूनही वास तसाच राहिला तर दोष खाली आहे. टोपण उघडून पाइपात पाणी सोडा. पलीकडून आलं नाही तर पाइप तुंबलाय. नीट आलं तर एका कोपऱ्याची कड सोडवून कच हातात घेऊन पाहा.

सावलीतल्या कोपऱ्यात पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि पाय घसरतो, तिथे दर आठवड्याला कडक झाडू मारा. मुसळधार पावसात झिओलाइट वाहून खालच्या काठाशी ढीग होतो. पाऊस ओसरला की तो पुन्हा पसरा आणि वर्षाला पाच-दहा टक्के नवा घाला. दात येण्याच्या वयातलं पिल्लू, म्हणजे सहा-सात महिन्यांपर्यंत, गवतावर एकटं सोडू नका. गिळलेले धागे आतड्यात अडकू शकतात. ओकाऱ्या, जेवण सोडणं, शी न होणं अशी लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

दिवाळीत गवतावर पणत्या ठेवू नका, भुईनळे आणि भुईचक्र तर दूरच. एका ठिणगीनेही पाती वितळून कडक गाठ होते. म्हणून पट्ट्यांचे उरलेले तुकडे फेकून न देता सावलीत गुंडाळून ठेवा. जळालेला भाग चौकोनी कापून काढा, त्याच मापाचा तुकडा पात्यांची दिशा जुळवून कापा, खाली चारी बाजूंना दोन-दोन इंच बाहेर येईल एवढी टेप घाला, गोंद लावा आणि रात्रभर वीट ठेवा. नवा तुकडा सुरुवातीला थोडा गडद दिसतो. दोन-तीन महिन्यांच्या उन्हाने रंग बराचसा जुळून येतो.